काचेवरचं तेल: माझ्या एम.टेक. प्रकल्पाचा अनुभव

पाणी न चिकटणारी काच करणं फारसं अवघड नाही. गाडीच्या काचेवर फासायच्या बाटल्या मिळतात, त्या तेच काम करतात. तेलाचं प्रकरण वेगळं आहे. टचस्क्रीनच्या काचेवर बोटांचे डाग राहू नयेत असा लेप करायचा, हा विषय मला मिळाला तेव्हा गाईड मॅडमनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले: पाणी 72, हेक्झाडेकेन 27. हे पृष्ठताणाचे आकडे, मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये. हेक्झाडेकेन म्हणजे प्रयोगशाळेतलं नेहमीचं चाचणीचं तेल. "तुझं सगळं भांडण या दोन आकड्यांमध्ये आहे," असं म्हणून त्या वर्गावर निघून गेल्या.

भांडण असं, की थेंब गोळा होऊन बसणार की पसरणार हे दोन ओढींवर ठरतं. द्रव स्वतःला किती घट्ट धरून ठेवतो ही एक, आणि पृष्ठभाग त्याला किती खेचतो ही दुसरी. थॉमस यंगने 1805 मध्ये हा हिशेब मांडला आणि आम्ही अजून त्यावरच जगतो. पाण्याची स्वतःवरची पकड घट्ट, त्यामुळे काचेची ओढ थोडी कमी केली की ते लगेच गोळा होतं. तेलाची पकड मुळातच ढिली. टेफ्लॉनवरसुद्धा तेल पसरट बसतं. त्याहून कमी ओढ हवी असेल तर एका कार्बनला तीन फ्लोरिन जोडलेले गट पृष्ठभागावर दाटीवाटीने उभे करावे लागतात. तेवढं करूनही सपाट पृष्ठभागावर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड काचेशी करते तो कोन; थेंब जितका गोळा, तितका मोठा) सुमारे 119 अंशांवर थांबतो, आणि तेलाचा 90 ओलांडताना नाकी नऊ येतात. आमच्या चांगल्या स्लाइडवर तेल 65 ते 70 अंशांवर बसायचं. जाहिरातीत तेलाचे टपोरे गोळे दिसतात. सपाट काचेवर तसं काही होत नाही, हे एकदा स्वीकारलं की डोकं शांत होतं.

पहिला मोठा वेळ गेला काच धुण्यात. हे कोणी आधी सांगत नाही. सिलेन नावाची रसायनं काचेला धरतात ती तिच्यावरच्या सिलॅनॉल गटांशी, म्हणजे सिलिकॉनला जोडलेल्या OH गटांशी, बंध जोडून. हे गट उघडे नसतील, वर हवेतलं सेंद्रिय मळकट काही बसलेलं असेल, तर लेप काचेवर बसतच नाही, मळावर बसतो आणि मळाबरोबर निघून जातो. साबण, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, मग सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं ते धोकादायक मिश्रण. ते करताना प्रयोगशाळेतले काका फ्यूम हूडपासून, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापासून, हलायचे नाहीत. "पोरी, बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही हं," हे वाक्य मी झोपेतही ऐकलं असेन. वापरलेल्या मिश्रणातून वायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. नंतर शेवटच्या टप्प्याला यूव्ही-ओझोनचं यंत्र मिळालं तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. काच स्वच्छ झाली की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. पाणी टाकायचं, ते सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर ठीक, कुठे फाटलं तर पुन्हा धुवायची.

मग मुंबईचा पावसाळा. आम्ही वापरत होतो तो फ्लोरिनवाला ट्रायक्लोरोसिलेन ओलाव्याशी फार चटकन बोलतो. काचेवर पाण्याचा अगदी पातळ थर लागतोच, त्याशिवाय बंध नीट जुळत नाहीत. पण हवेतच जास्त वाफ असेल तर रेणू काचेपर्यंत पोचण्याआधी एकमेकांनाच धरतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि काचेवर पांढरट धूसर पट्टा येतो. जुलैमध्ये डेसिकेटरमधली, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली, ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी व्हायची. शेवटी आम्ही दोन गोष्टी बदलल्या. द्रावणात बुडवण्याऐवजी निर्वात डेसिकेटरमध्ये सिलेनचे काही थेंब ठेवून वाफेतून लेप द्यायला लागलो, आणि क्लोरोऐवजी इथॉक्सी गटाचा सिलेन घेतला. तो सावकाश चालतो. पावसाळ्यात सावकाश चालणारं रसायन बरं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

कोन मोजायचं यंत्र हाताशी असलं की माणूस कोनाच्या प्रेमात पडतो. त्या प्रेमातूनच काजळीचा नाद लागला. 2007 मध्ये एमआयटीतल्या टुटेजा, कोहेन, मॅककिन्ली यांच्या गटाने दाखवलं होतं की पृष्ठभागाला आत वळलेल्या कडा दिल्या, म्हणजे भूछत्राच्या टोपीखाली असतात तशा, तर तेलसुद्धा त्या कडांवर अडकून वरच राहतं आणि खाली हवा राहते. 2012 मध्ये जर्मनीतल्या एका गटाने त्याची फार सुंदर आणि स्वस्त युक्ती प्रसिद्ध केली. काच मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी जमवायची, काजळीच्या मण्यांवर सिलिकाचं कवच चढवायचं, 600 अंश सेल्सिअसला काजळी जाळून टाकायची, उरलेल्या पोकळ जाळीवर फ्लोरोसिलेन. काळी काच भट्टीतून पारदर्शक होऊन बाहेर येते. मी ते करून पाहिलं. हेक्झाडेकेनचा थेंब टाकला तर तो थांबेचना, स्लाइड जराशी तिरपी होताच घरंगळून गेला. आमच्या मजल्यावरचे सगळे बघायला आले.

मॅडमही आल्या. त्यांनी थेंबाकडे बघितलं, मग अंगठा कपाळावर फिरवला आणि स्लाइडवर दाबला.

डाग पडला तो पुसलाच जाईना. कारण साधं आहे. बोट म्हणजे अलगद ठेवलेला थेंब नव्हे. ते दाबतं, रगडतं, तेल त्या जाळीच्या पोकळीत ढकलतं आणि बरोबर जाळीही मोडतं. एकदा हवेची जागा तेलाने घेतली की ते बाहेर येत नाही. "फोन वापरणारा माणूस ड्रॉपर घेऊन फिरतो का गं?" एवढंच त्या म्हणाल्या. खडबडीत पृष्ठभाग टचस्क्रीनसाठी तिथेच संपला. तसंही उंचवटे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरहून, बरेच लहान ठेवले नाहीत तर काच दुधाळ दिसते, आणि इतके लहान उंचवटे मजबूत करणं ही वेगळीच डोकेदुखी.

इथून प्रकल्पाचा प्रश्न बदलला. तेल बसतं की नाही हे आम्ही विचारणं सोडलं. बसलेलं किती सहज निघतं आणि ते किती दिवस तसं निघत राहतं, हे मोजायला लागलो.

अंगठ्याच्या ठशाचं तेल अंगठ्याचं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बोटांच्या टोकांना तेलग्रंथीच नाहीत, तिथे फक्त घाम येतो. तेल येतं कपाळ, नाक, केस इथून, आपण दिवसभर हात लावतो म्हणून. त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर, स्निग्धाम्लं, स्क्वालीन असं बरंच काही असतं. आपल्याकडे वर खोबरेल. चाचणीसाठी कृत्रिम मिश्रण वापरतात आणि सिलिकॉन रबरच्या शिक्क्याने ठसा उमटवतात, म्हणजे प्रत्येक वेळी सारखा दाब येतो. मी तेही केलं, पण मैत्रिणींच्या बोटांवर माझा जास्त भरवसा होता, विशेषतः कँटीनहून परत येताना. काळ्या कागदावर स्लाइड ठेवून बाजूने एलईडीचा झोत टाकला की ठसा स्पष्ट दिसतो, कारण तेलाचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात. त्यातूनच एक उलटा मार्गही निघाला आहे: काच तेलाला आवडेल अशी करायची, म्हणजे ठसा पसरून पातळ सपाट थर होतो. त्वचेच्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) काचेच्या जवळचा असल्यामुळे तो थर फारसा दिसत नाही. डाग असतो, नजरेला सापडत नाही. मला हा मार्ग जरा लबाड वाटतो, पण रोज न पुसल्या जाणाऱ्या काचेसाठी तो शहाणपणाचा असू शकतो.

आमच्या कामाला आला तो परफ्लोरोपॉलिइथर साखळीचा सिलेन, फोनच्या काचांवर वापरतात त्या जातीचा. (ॲपलने 2009 च्या आयफोन 3जीएसपासून तेलरोधक लेप द्यायला सुरुवात केली.) यात कोन आधीच्या लेपापेक्षा विशेष मोठा नव्हता, पाण्याचा 115 च्या आसपास. पण त्या लांब साखळीत ऑक्सिजनचे सांधे असल्यामुळे ती लवचीक राहते. थेंब पुढे सरकताना आणि मागे हटताना कोनात जो फरक पडतो तो कमी झाला, म्हणजे थेंब अडकून न राहता सहज सरकायला लागला, आणि मायक्रोफायबरच्या एका फटक्यात ठसा जायला लागला.

टिकाऊपणाने मात्र घाम काढला. चाचणी अशी की सर्वांत बारीक, 0000 नंबरचं स्टील वूल, वर 1 किलो वजन, आणि पुढेमागे घासत राहायचं. पाण्याचा कोन 100 च्या खाली आला की लेप गेला असं आम्ही धरायचो. साध्या सोडा-लाइम काचेवर तो फार लवकर जायचा. काचेतलं सोडियम आणि विरळ सिलॅनॉल गट, दोन्ही आड येत होते. आधी सिलिकाचा पातळ थर चढवून त्यावर सिलेन दिल्यावर फरक पडला. संपूर्ण प्रकल्पात सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि तिचा फोटो काढण्यासारखा काहीच नव्हता. लेप काही नॅनोमीटरचा असतो, तो कधीतरी झिजणारच. घरी सगळे फोन पुढे करून विचारतात, म्हणून सांगते: टूथपेस्टने चरे घालवायला जाऊ नका, ती आधी लेप घालवते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी फ्लोरिनबद्दल धारेवर धरलं, आणि ते रास्त होतं. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत. त्यांच्याच कुळातलं पीएफओए 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं, आणि त्याच्या भावंडांवरही नजर आहे. माझ्या अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात मी फ्लोरिन नसलेला एक लेप घातला होता, 2016 मध्ये वांग आणि मॅकार्थी यांनी मांडलेला. डायमिथाइल-डायमिथॉक्सीसिलेन, आयसोप्रोपेनॉल, किंचित सल्फ्युरिक आम्ल. काच बुडवायची, काढायची, खोलीच्या तापमानाला वाळू द्यायची. त्यावर तेल बऱ्यापैकी पसरतं, कोन बघितला तर कोणी त्याला तेलरोधक म्हणणार नाही. पण स्लाइड थोडी कलली की तेच तेल मागे काही न ठेवता सरकून जातं, कारण काचेला एका टोकाने बांधलेल्या सिलिकॉनच्या साखळ्या द्रवासारख्या हलत राहतात. आमच्या गटातला ज्युनियर आता त्यावर काम करतोय. स्टील वूलखाली तो लेप अजून माझ्या लेपाइतका टिकत नाही, आणि सिलिकाचा थर खाली दिला तर किती फरक पडतो हे तो या पावसाळ्यात बघतोय.