व्हॉल्व्हचा नकाशा

रविवार, रात्री

आज दुपारभर सोसायटीचे पाण्याचे व्हॉल्व्ह शोधत फिरलो. सोबत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू. कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुठल्या बाजूचं पाणी थांबतं, हे इतकी वर्षं फक्त जुन्या प्लंबरला ठाऊक होतं. आता प्रत्येकावर क्रमांकाची पट्टी आहे आणि नातवानं नकाशाही काढलाय. रात्री-अपरात्री पाइप फुटला तर जो आधी खाली येईल त्याला पाणी बंद करता येईल.

एकाच्या डोक्यात असलेलं सगळ्यांच्या हाती देणं, हेच मला सोसायटीसाठी करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम वाटतं. कमिटी बदलते, सेक्रेटरी घर विकून दुसरीकडे राहायला जातात. मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी कधीपर्यंत आहे, लिफ्टच्या देखभालीच्या करारात कुठले सुटे भाग धरलेत, टाकी शेवटची कधी धुतली, हे कुणालाच सांगता येत नाही. गच्ची गळते, गॅरंटीचा कागद सापडत नाही आणि खर्च पुन्हा सगळ्यांवर पडतो.

सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या निधीत, पैसे साठत असतात, पण पैसा उठून भेग बघायला जात नाही. आमच्याकडे एक निवृत्त काका पाऊस सुरू होण्याआधी गच्चीवर जाऊन पाणी उतरण्याच्या जाळ्यांतला पाला काढतात. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. म्हणजे 10 टन वजन! जाळी तुंबली की ते तिथंच साचतं आणि स्लॅबमध्ये मुरायला लागतं. काकांकडे कुठलं पद नाही, त्यांनी कधी मागितलंही नाही. येत्या सर्वसाधारण सभेत त्यांच्या आभाराचा ठराव मी मांडणार आहे. इतिवृत्तात त्यांचं नाव आलंच पाहिजे.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. लिफ्ट, विजेचं पॅनेल आणि टाकीत उतरणं ही हौशी माणसांची कामं नव्हेत. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. आत पडलेल्याला वाचवायला उतरणाराही जिवाला मुकतो. तिथे जाणकार माणसंच हवीत, मग कितीही पैसे लागोत.

पुढच्या रविवारी सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचं, प्रशिक्षण आहे. शेजारच्या दोन्ही इमारतींना आणि सगळ्यांच्या वॉचमननाही बोलावलंय. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाच्या छातीवर 5 ते 6 सेंटीमीटर खोल, हे वाचून समजतं. पण हाताला त्याची सवय व्हावी लागते. सरावाचे पुतळे प्रशिक्षक आणणार आहेत. वॉचमनच्या पाळ्या बदलतात, म्हणून दोन तुकड्या कराव्या लागतील. उद्या सकाळी त्यांच्याशी वेळ ठरवायची आहे.