उद्याच्या व्हिपलआधीचा कागद

उद्या व्हिपल आहे, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायचं मोठं ऑपरेशन. सीटी उघडून बसले आणि नेहमीप्रमाणे कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने शिरा काढायला घेतल्या. रिपोर्टमध्ये गाठीचं माप असतं, ती यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनला किती चिकटली आहे हेही असतं. पण कुठली फांदी कुठे मिळते, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं आणि मला तेच हवं असतं.

मोठ्या शिरांचं गणित साधं. आतड्याकडून वर येणारी एसएमव्ही (सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन) आणि प्लीहेकडून आडवी येणारी स्प्लेनिक स्वादुपिंडाच्या मानेमागे मिळतात, तिथून पुढे पोर्टल व्हेन. फरक असतो तो उपनद्यांमध्ये. हेन्लेची ट्रंक, म्हणजे जठर आणि मोठ्या आतड्याकडून येऊन एसएमव्हीला मिळणारी शीर, एखाद्यात आखूड आणि जाड असते, एखाद्यात नसतेच. आखूड असेल तर मोठं आतडं जरा जास्त ओढलं गेलं तरी ती मुळाशी फाटते.

माझा जीव मात्र लहान आतड्याच्या वरच्या भागाकडून येणाऱ्या पहिल्या जेजुनल शिरेत अडकलेला असतो. बहुतेकांत ती आतड्याला रक्त देणाऱ्या मेसेंटेरिक धमनीच्या मागून येऊन एसएमव्हीला मिळते. शिकत असताना एका ऑपरेशनमध्ये मी रिट्रॅक्टर धरून उभी होते. अन्सिनेट (स्वादुपिंडाच्या डोक्याचा एसएमव्हीमागे वळलेला भाग) सोडवताना या शिरेला मिळणारी एक बारीक फांदी तुटली. टोक धमनीमागे सरकलं, खोलातून रक्त भरून येत राहिलं आणि जागा काही दिसेना. सरांनी बोटाने दाबून धरलं. कोणी बोलत नव्हतं. मग एसएमव्ही हळूहळू मोकळी करून वळवली, तेव्हा कुठे टाका बसला. रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण ती शीर माझ्या डोक्यातून गेली नाही.

उद्याच्या रुग्णात ती धमनीच्या पुढून जाते. तीनदा खाली-वर स्क्रोल करून खात्री केली. म्हणजे धमनीची पुढची बाजू साफ करतानाच ती आडवी येणार.

आणखी एक गोष्ट आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाकडून येणारी इन्फिरिअर मेसेंटेरिक शीर इथे स्प्लेनिकला न मिळता थेट एसएमव्हीत उतरते. गाठ संगमाला लागून आहे. स्प्लेनिक बांधावी लागली, तर प्लीहेच्या रक्ताला त्या वाटेने उलटं खाली उतरता येणार नाही. मग ते जठराच्या शिरांमधून वाट काढतं, त्या फुगतात आणि पुढे कधीतरी त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून स्प्लेनिक वाचवायचा, नाहीच जमलं तर पुन्हा जोडायचा विचार आजच करून ठेवायला हवा.

त्या दोन्ही जागांना लाल गोल केलाय. सकाळी कागद ओटीत स्क्रीनशेजारी चिकटवेन, मला मदत करणाऱ्या दोघांनाही दिसेल असा.