दोन इंच सोनं
आजचा रविवार सुईदोऱ्यात गेला. इंग्लंडमधल्या डरॅम कॅथेड्रलमध्ये एक जुना भरतकाम केलेला स्टोल आहे, म्हणजे पाद्री गळ्यात घालतात ती उपरण्यासारखी पट्टी. तिचे फोटो बघून हुक्की आली होती. इंग्लंडच्या राणी एल्फ्लेडने ती विंचेस्टरच्या बिशपसाठी भरून घेतली, 909 ते 916 च्या दरम्यान. रेशमी दोऱ्याभोवती सोन्याची बारीक पट्टी गुंडाळलेली, म्हणजे कलाबतूच की! गंमत अशी की हा धागा कापडातून आरपार ओढतच नाहीत. वर आडवा ठेवायचा आणि रेशमाच्या इवल्या टाक्यांनी बांधत जायचा. सोनं मागच्या बाजूला वाया जात नाही. पट्टीवरच्या बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या आकृत्यांभोवतीची सगळी जागा अशीच भरलीय! मी नकली जरीने चार तासांत जेमतेम दोन इंच केलं. मान आखडली. आई म्हणाली, "अगं, भात करपला."