आमची वाटचाल : पुरानंतरची गर्दी आणि विश्रामबागचं दुकान

सासूबाईंनी १९९१ मध्ये सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात मिरची कांडपाचं पहिलं यंत्र बसवलं. बायका रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी घेऊन घरी देठं खुडायच्या, ऊन द्यायच्या, मसाला तेलावर भाजायच्या आणि डबा घेऊन आमच्याकडे यायच्या. यंत्रासमोर पाटावर बसून आपली वर्षभराची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं तिखट, आपल्या डोळ्यांदेखत कुटून न्यायची, ही पद्धत आजही तशीच आहे. फेब्रुवारी ते मे हाच आमचा हंगाम. पाऊस लागला की यंत्रांवर पोती पडतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पेठ बुडाली, आमची तिन्ही यंत्रं पाण्याखाली गेली. एकाची मोटार रिवाइंड करून आम्ही सांगलीतल्याच विश्रामबाग भागात नातेवाइकांच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं, आणि काय सांगू, सप्टेंबर ते नोव्हेंबर यंत्राला उसंत नव्हती. पुतण्या रोजचा हिशेब वहीत मांडायचा. एका रात्री म्हणाला, "काकू, बिनहंगामात एवढी गिऱ्हाइकं, तर उन्हाळ्यात किती येतील! पेठेतल्या पंचवीस-तीस जणांना मी विचारलंय. सगळे म्हणतात, विश्रामबागेत दुकान काढाच." मलाही पटलं. डिपॉझिट भरलं आणि जानेवारी २०२० मध्ये दुकान उघडलं.

त्या गर्दीचं खरं कारण तेव्हाही आमच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. गॅरेजमध्ये एक बाई चिनी मातीची रिकामी बरणी घेऊन आल्या होत्या. घरात छातीएवढं पाणी, वर्षाची बेगमी गेलेली. मिरची विकत घेऊनच आल्या होत्या, खाली बसून देठं खुडताना रडत होत्या. त्या तीन महिन्यांत आलेल्या किती घरांची गोष्ट हीच होती! एप्रिलमध्ये एकदा कुटलेली चटणी त्यांना पुन्हा कुटायला लागली होती, आणि पेठेतली आमच्यासारखी कांडपं बंद होती. ती गर्दी पुरानं आणली होती. आम्ही ती जागेच्या नावावर जमा केली.

चूक लगेच उघडी पडली नाही, याचं कारण मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. पुढच्या उन्हाळ्यातही निर्बंध, आणि जुलैत पुन्हा पूर. दुकान चालेना, पण दर वर्षी दोष द्यायला काहीतरी हाताशी असायचं. २०२२ चा हंगाम मोकळा गेला तेव्हा मात्र बोलायला जागा उरली नाही. दोन्ही दुकानांत मिळून कुटलेलं वजन २०१९ च्या उन्हाळ्यात एकट्या पेठेत कुटलेल्या वजनाला जेमतेम टेकलं. भाडं आणि पगार दोन ठिकाणचे, वीजबिलं दोन.

मी आणि पुतण्या पावतीपुस्तकं घेऊन तीन रात्री बसलो, फोन नंबर ताडून पाहिले. विश्रामबागच्या पावत्यांवर बहुतेक नंबर आमचे जुनेच. पूर्वी रिक्षानं पेठेत येणाऱ्या बायका आता चालत तिथं जात होत्या. त्यांची सोय झाली याचा मला आनंद आहे, पण चटणी तेवढीच, घरं तीच. आणि पुतण्यानं ज्यांना विचारलं होतं ते सगळे आमच्याच पाटावर बसलेले. जे आमच्याकडे कधी येत नाहीत ते कुठं कुटतात, की तयार पाकीट आणतात, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्याच्याइतकीच ही चूक माझी. सही माझी होती.

दुकान आम्ही बंद केलं नाही. २०२१ च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा तिथं थेंब आला नव्हता. म्हणून आता तिथं एकच यंत्र चालतं आणि तयार मसाल्याचा सगळा साठा राहतो. ही जागा घ्यायला हे एक कारण पुरेसं होतं, फक्त मग एवढं मोठं दुकान घेतलं नसतं.

पुढं एका ओळखीच्यांनी मिरजेतला गाळा सुचवला. जंक्शन आहे, दवाखाने आहेत, कर्नाटकातून रोज माणसं येतात, असं त्यांचं म्हणणं. मी एक अख्खा दिवस त्या गाळ्यासमोर उभी राहिले. माणसं खूप होती. हातात रिपोर्टच्या फायली, जेवणाचे डबे, उशा. भाजलेली मिरची घेऊन कोण येणार होतं तिथं? गाळा सोडला.

या मार्चमध्ये कुपवाडला एकांच्या पिठाच्या गिरणीत आमचं जुनं यंत्र दोन महिन्यांसाठी ठेवलंय. डिपॉझिट नाही, पाटी नाही. पहिल्या रविवारी अकरा डबे आले. पुतण्यानं नंबर ताडले, चार जुने निघाले. वहीत त्यानं सात लिहिले.