गाठ केवढी, यापेक्षा गाठ कुठे

ब्रेन हॅमरेज झालेल्या पेशंटचे घरचे सीटीची फिल्म खिडकीकडे धरून पहिलं विचारतात, "गाठ केवढी आहे?" जिवाची काळजी असते तोवर हा प्रश्न अगदी रास्त आहे. साकळून गाठ झालेलं रक्त ३० मिलिलिटरच्या वर गेलं की धोका वाढतो, डॉक्टरही ते मोजतात. पण पेशंट वॉर्डात आला आणि मुलाने दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, हात येईल ना?" की तो आकडा फारसा कामाचा राहत नाही. मिरजेत न्यूरो फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घराने विचारला आहे.

हाताला हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतात, इंटर्नल कॅप्सूल नावाच्या चिंचोळ्या पट्टीतून दाटीने खाली उतरतात आणि मेंदूच्या तळाशी त्यातले बहुतेक बाजू बदलतात. बीपीमुळे होणारा रक्तस्राव बऱ्याचदा याच पट्टीच्या शेजारी, प्युटामेन किंवा थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागांत होतो. तिथलं थोडंसं रक्तही हात घालवू शकतं. उलट कपाळामागे मोठा रक्तस्राव होऊनही हात शाबूत राहिलेला मी पाहिला आहे.

शिवाय रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यात तंतू रक्ताविना मरतात. हॅमरेजमध्ये काही तुटतात, पण काही नुसते बाजूला ढकलले जातात, आणि रक्त शोषलं गेलं की पुन्हा काम करू लागतात. पहिल्या आठवड्यात तंतू तुटलेल्या आणि नुसते ढकलले गेलेल्या, अशा दोन्ही पेशंटचा हात सारखाच लुळा दिसतो.

हा फरक डीटीआय दाखवू शकतो. हा एमआरआयचाच प्रकार. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. १९९४ मध्ये पीटर बासर, डेनिस ल बिहान आणि सहकाऱ्यांनी त्यावरून तंतूंची दिशा मोजण्याची रीत मांडली. त्यातून पाणी किती एकाच दिशेने सरकतं हे सांगणारा ० ते १ मधला एक आकडा मिळतो, आणि बिघडलेल्या बाजूचा आकडा चांगल्या बाजूशी ताडून बघतात. रक्त आणि सूज यांनी गाठीजवळचं चित्र बिघडतं, म्हणून खाली, मेंदूच्या देठात मोजणं जास्त भरवशाचं. तुटलेला तंतू तुटल्या जागेपासून खालपर्यंत झिजत जातो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकांच्या नसांत हेच पाहिलं होतं. ही झीज चित्रात उमटायला मात्र काही आठवडे जाऊ शकतात.

आमच्याकडचे एक शिंपीकाका. उजवा हात पूर्ण पडलेला, पण चित्रात तंतू वाकलेले आणि सलग. काकूंना मी ते बोट ठेवून दाखवलं, आणि आम्ही सगळा जोर बोटांवर लावला. आज काका काजं-बटणं करतात. कात्री अजून जड जाते. एका शिक्षिकाबाईंची गाठ त्यांच्याहून लहान होती, पण तंतू तुटलेले. त्यांच्यासाठी आम्ही सुरुवातीपासून चालणं आणि डाव्या हाताने सही करणं हे ध्येय ठेवलं. पायाला इतर मार्गांचीही मदत मिळते, बोटांना तेवढी नाही.

ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांच्या गटाने पक्षाघातानंतर हात किती येईल हे सांगण्याची पद्धत बसवली. आधी त्यात एमआरआय होता. २०१७ च्या आवृत्तीत तो काढला. सुरुवात होते तिसऱ्या दिवसाच्या साध्या तपासणीने: खांदा बाजूला उचलता येतो का, बोटं सरळ होतात का. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या डोक्यावरून चुंबकीय ठोका देऊन हाताचा स्नायू हलतो का ते बघतात. तीन महिन्यांनंतरचा अंदाज सुमारे ७५ टक्के पेशंटमध्ये बरोबर ठरला. म्हणजे चौघांत एकाचा चुकतो, आणि मी हे घरच्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: एमआरआय करायचाच असेल, तर डीटीआय जोडता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मशीन तेच, वेळ थोडा जास्त. चित्र वाईट आलं तरी हाताचा व्यायाम बंद करू नका. खांदा निखळू नये, बोटांची मूठ आवळून बसू नये, अंघोळ घालताना हात दुखू नये, यासाठी तो रोज लागतोच.