पूर्व परीक्षा आणि न येणाऱ्या प्रश्नांचा हिशेब

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेचे गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, हे तयारी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही बहुतेकांचा अभ्यास येथेच पहिला नंबर काढायचा असल्यासारखा चाललेला असतो. आयोगाला या टप्प्यावर केवळ जागांच्या सुमारे बारा-तेरा पट उमेदवार मुख्य परीक्षेसाठी निवडायचे असतात. पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण असतात आणि खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ २०२२ मध्ये ८८.२२, तर २०२३ मध्ये अवघा ७५.४१ होता. म्हणजे निम्मे गुणही न मिळवता पूर्व निघते, आणि म्हणूनच न येणाऱ्या प्रश्नांचे काय करायचे यावर माझ्या मते बरेच काही ठरते.

चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात. चार प्रश्नांत डोळे मिटून तुक्का मारला, तर सरासरीने एक बरोबर येऊन दोन गुण मिळतात आणि उरलेले तीन चुकून तेवढेच जातात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच हिशेब आपल्या बाजूने झुकतो.

आयोगाने अलीकडे नेमकी हीच वाट अरुंद केली आहे. समजा, धन विधेयकाबद्दल तीन विधाने दिली आहेत आणि त्यावर संयुक्त बैठक बोलावता येते, हे तिसरे विधान चूक असल्याचे आपल्याला माहीत आहे. पर्याय ‘१ आणि २’, ‘२ आणि ३’, ‘१ आणि ३’ व ‘तिन्ही’ असे असते, तर तेवढ्यावर उत्तर हाती आले असते. आता मात्र ‘केवळ एक’, ‘केवळ दोन’, ‘तिन्ही’, ‘एकही नाही’ असे पर्याय येतात आणि त्याच माहितीने फक्त ‘तिन्ही’ बाद होतो. २०२३ च्या पेपरात अशा प्रश्नांची रेलचेल होती.

दुपारचा सीसॅट, म्हणजे आकलन व तर्कक्षमता तपासणारा दुसरा पेपर, २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता उरला, त्यामुळे तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. २०० पैकी ६६ गुण पुरेसे असले, तरी दहा उत्तरे चुकली की तेवढ्यासाठी तीस बरोबर यावी लागतात, आणि ते न जमल्यास सकाळच्या पेपरातील गुण कितीही असोत, वाया जातात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असल्याने मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यालाही येथील उतारे परक्या भाषेतच वाचावे लागतात. सरावही त्याच भाषेत व्हायला हवा.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत चुकीला एक-चतुर्थांशच गुण जात असल्याने तेथे आंधळा तुक्काही सरासरीने किंचित फायद्यात राहतो. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी टेस्ट सिरीज सोडवतानाच हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत.