सावित्रीच्या काठाने: महाबळेश्वर ते आंबेत, मासे बघत

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणाहून निघतात. पण कृष्णा निवांत बंगालच्या उपसागराकडे जाते, आणि सावित्री मात्र कड्यावरून थेट कोकणात उडी मारते. साधारण १३५० मीटरवरून काही किलोमीटरांत खाली, म्हणजे ही नदी कमी आणि घसरगुंडी जास्त.

थंडीत मी नि मित्र बाईकवर आंबेनळी घाट उतरलो, जिथे पाणी दिसेल तिथे थांबायचं असं ठरवलेलं. घाटातल्या ओढ्यांत मासे आहेत म्हटलं तर आधी तो हसलाच, मग दगड निरखून बघायला लागला आणि गप्प झाला. इथे टिकतो तो धरून बसणारा मासा. मळ्या नावाच्या माशाच्या तोंडाखाली चकती असते, तिने तो दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो, मुरे नावाचे छोटे मासे दगडांच्या फटीत, आणि एका छोट्या मिशाळ माशाच्या छातीवर चक्क घड्या असतात, पकडीसाठी. जाती मोजक्याच, धबधबे चढून येणं सगळ्यांना जमत नाही ना.

पोलादपूरला उतार संपला की पात्र रुंद होतं, ऊन पडतं, वाळू साचते, आणि माशांची यादी वाढायला लागते. मला वाटायचं वरचे मासे खाली संपत असतील नि दुसरे सुरू होत असतील, पण बहुतेक ठिकाणी तसं नसतं, वरच्यातले बरेच खळखळत्या पाण्यात खालीही असतात, त्यांच्यात नवे येऊन मिळतात. शिंगटी, वाम, मरळ वगैरे.

खरी गंमत कोंडींची. कोकणातल्या नद्या होळीनंतर आटत जातात, उरतात ते खोल डोह, म्हणजेच कोंडी, आणि अख्ख्या नदीचे मासे त्यांतच दाटीवाटीने उन्हाळा काढतात. सावित्रीला मिळणारी काळ नदी आहे, तिच्यावर वाळणकोंड आहे, महाड तालुक्यात. देवीचा डोह, मासेमारी बंद. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे महासीर वर येतात, पाणी नुसतं उकळल्यासारखं होतं. लोक देवमासे म्हणतात. मला विचाराल तर सरकारी बोर्डापेक्षा देवीचा धाक बरा चालतो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की डोहांतले आणि खालचे मासे अंडी घालायला वर ओढ्यांत, भातखाचरांत चढतात. हीच वलगण. सगळं गाव कंदील घेऊन पकडायला बाहेर पडतं. चव भारीच, पण गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मासळी पाट्या भरभरून नेली की पुढच्या वर्षी चढणार कोण?

महाडला मगरी आहेत हे माहिती असल्याने काठाशी जास्त रेंगाळलो नाही 😅. दासगावपर्यंत भरतीचं पाणी येतं, तिथून सगळा हिशोबच बदलतो. बोय, काळुंदर, जिताडा, म्हणजे खारं-गोडं दोन्ही चालणारी मंडळी. जिताडा तर अंडी खाऱ्या पाण्यात घालतो आणि पिल्लं वाढायला नदीत शिरतात, अहिर हा सापासारखा लांब मासा बरोब्बर उलटा, आयुष्य नदीत काढून शेवटी समुद्रात जातो अंडी घालायला. म्हणून मध्ये बंधारा बांधला की नुसतं पाणीच अडतं असं नाही.

आंबेतला पोचलो तेव्हा चांगलीच भूक लागलेली. मित्राने समुद्रातली सुरमई मागवली, खाडीकाठी बसून! मी काळुंदर घेतला. काटे जास्त आहेत, सावकाश खा.